उपेक्षित सुरांचा शोध कोणी घ्यायचा?

मुंबई-पुण्यातील सुस्थित मराठी घराच्या दिवाणखान्यात आज वारली चित्र नसेल तरच नवल. भिंतीवरची चौकट, उशांचे अभ्रे, कुर्ते, चहाचे पेले, दिवाळीची शुभेच्छापत्रे अशा सर्व ठिकाणी ती त्रिकोणी देहांची माणसे फेर धरून नाचताना दिसतात. त्या फेराच्या मध्यभागी एक माणूस उभा असतो. अंग किंचित झुकलेले, हातात लांबट, खाली रुंदावत जाणारे वाद्य. तो तारपा वाजवीत असतो. सारा फेर त्याच्या सुरांवर चाललेला असतो. सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. चित्र भिंतीवर लावणाऱ्यांपैकी किती जणांनी तो सूर प्रत्यक्ष ऐकला असेल? प्रामाणिक उत्तर द्यायचे झाले तर ही संख्या नगण्य म्हणावी लागेल. पालघर जिल्ह्यातील पाडे मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. चित्राने हे अंतर केव्हाच ओलांडले. सूर मात्र तिथेच राहिला.

हे असे का झाले, याचा विचार करण्यासारखा आहे. कारण प्रश्न एकट्या तारप्याचा नाही. महाराष्ट्रात आणि देशात असे शेकडो गुणी गायक-वादक आहेत, ज्यांची विद्या अस्सल आहे, साधना आयुष्यभराची आहे, आणि तरीही ज्यांना आपण ‘अज्ञात’ म्हणतो. वास्तविक पाहता ते अज्ञात नसतातच. त्यांच्या गावात, त्यांच्या जातीजमातीत, त्यांच्या दैवताच्या यात्रेत त्यांना सारे ओळखतात. अनभिज्ञ असतो तो शहरी सुशिक्षित समाज, आणि आपल्या अज्ञानाला तो त्यांची अप्रसिद्धी असे नाव देतो.

तारप्याचीच गोष्ट पुढे नेऊ. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, बांबूच्याच बारीक जिभल्या, सांधे बुजवायला मेण आणि शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा. यातील एकही वस्तू बाजारातून आणावी लागत नाही. परंतु ती जोडण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून येते. नळीची लांबी, भोकांचे अंतर, मेणाचा थर यांत थोडीही चूक झाली तर वाद्य बोलत नाही. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा साठवून ती सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास घेण्याची किमया त्याला साधलेली असते, आणि नाच रंगला की हे तासन्‌तास चालते. ज्या श्वासनियंत्रणासाठी शहरी रसिक सनईवादकाला दाद देतो, तेच नियंत्रण जव्हार-डहाणूच्या पाड्यावर शेतीची कामे उरकून आलेला माणूस उघड्या खळ्यावर रात्रभर दाखवीत असतो. त्याला टाळ्यांची अपेक्षा नसते. भात तयार झाले, नवे धान्य देवाला दाखवायचे, म्हणून तो वाजवतो.

जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुष्कळांनी तारपा हा शब्द प्रथमच वाचला. धिंडा त्या वेळी नव्वदीच्या घरात होते. वाद्य स्वतः घडवायचे आणि स्वतः वाजवायचे, असे आयुष्य काढलेल्या या वृद्ध कलावंताचा सन्मान झाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण नव्वदीत पोहोचलेल्या वादकापर्यंत समाजाचे लक्ष जायला एवढी वर्षे लागावीत, हे त्या आनंदाला लागलेले गालबोट आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार १९७६ मध्ये मिळाला होता. चित्र आणि सूर एकाच मातीतले, एकाच समाजाचे. तरी दोहोंच्या ओळखीत सुमारे अर्धशतकाचे अंतर पडले.

या अंतराचे एक कारण उघड आहे. चित्र कागदावर उतरते, विकत घेता येते, भिंतीला टांगता येते. सुरासाठी माणूस लागतो. तो जिथे आहे तिथे जावे लागते किंवा त्याला सन्मानाने बोलवावे लागते. परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चित्राला भास्कर कुलकर्णी भेटले. हे मराठी कलावंत १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात मधुबनीला गेले, तेथील स्त्रियांना त्यांनी कागद दिला आणि भिंतीवरची चित्रे कागदावर आणण्यास प्रवृत्त केले. पुढे तेच डहाणूच्या पाड्यांवर पोहोचले आणि मशे यांची कला जगापुढे येण्यास त्यांचे प्रयत्न कारणीभूत ठरले. प्रतिभा मशे यांची होती, यात शंका नाही. पण ती ओळखणारा डोळा, तिथे जाऊन राहण्याची तयारी आणि परत आल्यावर तिच्यासाठी खटपट करण्याची चिकाटी एका मध्यमवर्गीय मराठी माणसाने दाखवली. तारप्याला असा माणूस मिळाला नाही.

संगीताच्या क्षेत्रात असा माणूस राजस्थानला मिळाला. कोमल कोठारी यांनी लेखक विजयदान देथा यांच्यासह १९६० मध्ये बोरुंदा या खेड्यात ‘रूपायन’ संस्था स्थापन केली आणि थरच्या वाळवंटातील लंगा आणि मांगणियार गायक-वादकांच्या शोधात आयुष्य वेचले. आज मांगणियारांचे गाणे देशोदेशीच्या रंगमंचांवर ऐकू येते. जैसलमेर जिल्ह्यातील हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. हे सारे आपोआप झाले नाही. कोठारींनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र हातात घेण्याआधी काही साधे प्रश्न विचारले. हे लोक कोणासाठी गातात? कोणत्या प्रसंगी गातात? त्यांना बिदागी कोण देते, ती किती आणि कशाच्या रूपाने? मांगणियार धर्माने मुसलमान. त्यांचे यजमान मात्र बहुतांशी राजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मले, लग्न ठरले की मांगणियाराने जायचे, त्या कुळाची वंशावळ आणि कवने गायची, आणि यजमानाने त्याचा योगक्षेम पाहायचा, असा हा पिढ्यांचा करार. कोठारींनी हे नाते समजून घेतले, म्हणूनच त्यांना कळले की, या संगीताचे मूळ गळ्यात जितके आहे तितकेच या व्यवस्थेत आहे. व्यवस्था सैल झाली की गळा कितीही गोड असला तरी गाणे सुकणार.

महाराष्ट्रात असे प्रयत्न मुळीच झाले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांची कला मुंबईच्या रसिकांपर्यंत आली, ती इंडियन नॅशनल थिएटरच्या लोककला संशोधन विभागामुळे आणि त्यामागे असलेल्या अशोकजी परांजपे यांच्या धडपडीमुळे. संबळाच्या ठेक्यावर रात्र जागवणारा गोंधळी केवढा मोठा कथाकार असतो, हे तेव्हा अनेक नाट्यप्रेमींना प्रथम उमगले. पण असे प्रयत्न व्यक्तीच्या उत्साहावर उभे राहिले आणि व्यक्तीबरोबरच मंदावले. चाळीस-पन्नास वर्षे एकाच कामाला चिकटून राहणारी, बोरुंदासारखी खेड्यात ठाण मांडणारी संस्था आपल्याकडे फारशी उभी राहिली नाही.

शोध घेणाऱ्याची जुनी मराठी परंपरा मात्र थोर आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. स्वतःच्या खर्चाने ते देशभर हिंडले. १९०४ साली दक्षिणेत गेले, पुढे पूर्वेकडे आणि उत्तरेकडे गेले. संस्थानांच्या दरबारांत आणि लहानसहान गावांतही ते गुणीजनांना भेटत राहिले. चीजा देण्यास कोणी नकार दिला, कोणी अर्धीच दिली, कोणी हातचे राखून दिली. तरीही क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या आणि एरवी काळाच्या ओघात गेल्या असत्या अशा कितीतरी रचना वाचल्या. रावजीबुवा बेलबागकर, जयपूरचे मोहम्मद अली खाँ कोठीवाल, त्यांचे पुत्र आशिक अली ही नावे आज संगीताच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्याकडून आलेल्या बंदिशी मात्र शिकाऊ विद्यार्थीही गातो. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. भातखंड्यांनी विद्या वाचवली. विद्यावंत पडद्याआडच राहिले. त्यांच्या काळी विद्या वाचवणे हेच एवढे मोठे काम होते की, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. आजच्या संशोधकाला मात्र ती सबब सांगता येणार नाही.

अप्रसिद्ध कलावंत खेड्यातच असतो, असाही एक समज आहे. धोंडूताई कुलकर्णी मुंबईतच राहत होत्या. कोल्हापूरच्या धोंडूताईंनी अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडे तालीम घेतली, पुढे लक्ष्मीबाई जाधव यांच्याकडे आणि नंतर साक्षात केसरबाई केरकर यांच्याकडे त्या शिकल्या. केसरबाईंनी शिष्या म्हणून स्वीकारावे, हा मान फारच दुर्मीळ. जयपूर-अत्रौली गायकीचे अस्सल धन त्यांच्याजवळ होते. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी मोठ्या महोत्सवांच्या जाहिरातींत त्यांचे नाव क्वचितच दिसले. आपल्या घरी मोजक्या विद्यार्थ्यांना त्या शिकवीत राहिल्या. त्या विद्यार्थ्यांपैकी नमिता देवीदयाळ यांनी २००७ साली इंग्रजीत ‘द म्युझिक रूम’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा सामान्य वाचकाला धोंडूताई कळल्या. त्या वेळी त्यांचे वय ऐंशीच्या आसपास होते. मुंबईतील मराठी रसिकांना आपल्याच शहरातील ही गायिका इंग्रजी पुस्तकातून समजावी, हे आपल्या रसिकतेबद्दल बरेच काही सांगून जाते.

आता कोणी म्हणेल की, हा सारा गतकाळचा प्रश्न झाला. आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, त्यात कॅमेरा आहे. गुणी माणूस लपून राहूच शकत नाही. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधील राणाघाट रेल्वे स्थानकावर गाणाऱ्या एका गरीब महिलेची चित्रफीत देशभर पसरली. काही आठवड्यांतच ती मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षात होती, चित्रपटासाठी गात होती. आणि आणखी काही महिन्यांत लोक तिला विसरलेही. तिच्या नशिबाचा हा झोका करुण आहेच. पण त्यातून एक मुद्दा निघतो. तिला लोकांनी उचलून धरले, कारण ती लताबाईंचे गाणे गात होती आणि ते ऐकून लताबाईंची आठवण होत होती. लताबाईंनी त्या वेळी नकलेने मिळालेले यश टिकत नाही, असे स्पष्टपणे सांगितले होते. पसरणाऱ्या चित्रफिती शोध घेतात तो प्रसिद्धाच्या प्रतिकृतीचा. जे मुळातच निराळे आहे, ज्याची तुलना करायला ओळखीचे काही नाही, ते त्या चाळणीतून गळून पडते. किंगरी वाजवणाऱ्या नाथजोग्याची चित्रफीत पाहून ‘कोणासारखे वाजवतो?’ हा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून ती कोणी पुढे धाडत नाही.

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांचेही बव्हंशी असेच आहे. स्पर्धक कोणत्याही प्रांतातून येवो, त्याने गायचे ते चित्रपटगीतच. अर्थात अपवादाचाही न्याय्य उल्लेख केला पाहिजे. २००८-०९ मधील ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ने अवघ्या महाराष्ट्राला वेड लावले. विजेती ठरलेली कार्तिकी गायकवाड आळंदीची. तिचे वडील कल्याणजी गायकवाड हेच तिचे गुरू. त्या चिमुरडीच्या गळ्यातून अभंग-गवळणी घरोघरी पोहोचल्या आणि वारकरी भजनपरंपरेची ती खडी, मोकळी, आवाजाची भीड न बाळगणारी गायकी शहरी कानांना नव्याने कळली. पण या यशामागे आळंदी उभी होती, हे विसरता कामा नये. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथे आणि आसपास वाढलेल्या परिसरात शेकडो मुले टाळ, मृदंग आणि गायन शिकत आली आहेत. ही मुले गावोगावच्या सप्ताहांत वाजवतात. त्यांचा मृदंग ऐकला की, नामवंत पखवाजवादकही क्षणभर थबकेल, अशी काहींची तयारी असते. यातील कोणीही ‘संधी मिळाली नाही’ अशी तक्रार करीत बसत नाही, कारण त्यांच्यापुढे सप्ताह आहे, दिंडी आहे, कीर्तनकार आहे, ऐकणारे गाव आहे.

मुख्य प्रवाह म्हणजे नेमके काय, हे येथे तपासून पाहायला हवे. रात्री एखाद्या सप्ताहात दोन-तीन हजार माणसे मांडी घालून मृदंग ऐकत असतील, तर तो आड वळणाचा ओहोळ कसा? पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजेच देसाईगंज हे या व्यवसायाचे केंद्र. गावकरी तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. नाटकात गाणी असतात आणि ती ध्वनिमुद्रित नसतात. ऑर्गन, तबला घेऊन वादक समोर बसलेले असतात, गायक नट प्रत्यक्ष गातो. एका रात्रीत एवढी गाणी, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात पुन्हा तेवढीच. मुंबईच्या संगीत रंगभूमीला उतरती कळा लागल्याबद्दल परिसंवादांत हळहळ व्यक्त होत असताना तिकडे ही मंडळी गात-वाजवत संसार चालवीत आहेत. परशुराम कोमाजी खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वृत्तपत्रांनी झाडीपट्टी ‘शोधून’ काढली! झाडीपट्टीला कोणी शोधण्याची गरज नव्हती. ती जगते आहे, कारण तिचा प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजतो. तिच्यातही भडकपणा शिरला आहे, ऑक्टोपॅडचा गोंगाट वाढला आहे, ही जाणकारांची खंत खरी आहे. पण जिवंत कलेलाच आजार होतात.

याच्या उलट चित्र तेलंगणात दिसले. दर्शनम्‌ मोगुलय्या हे बारा पायऱ्यांची किन्नेर वाजवणारे लोकगायक. बांबूचा दांडा, त्यावर पडदे आणि खाली भोपळे, असे हे वाद्य घेऊन ते स्थानिक वीरांचे पोवाडे गातात. महाराष्ट्राशी त्याचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात किन्नरी वीणेचे वर्णन आले आहे. आपल्याकडील ‘किंगरी’ हा शब्दही किन्नरीशीच जोडला जातो. म्हणजे देवगिरीच्या पंडिताने ग्रंथात नोंदवलेल्या वाद्यकुळाचा धागा धरून ठेवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी हे एक. २०२१ साली त्यांनी एका गाजलेल्या तेलुगू चित्रपटगीताचा आरंभ गायला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, राज्य शासनाने एक कोटी रुपये आणि घरासाठी जागा जाहीर केली. आणि मे २०२४ मध्ये हैदराबादजवळ एका बांधकामावर मजुरी करतानाची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. मिळालेला पैसा मुलांची लग्ने आणि जमीन यांत खर्च झाला, मासिक मानधनही थांबले, असे त्यांनीच सांगितले. छायाचित्रे झळकल्यावर मदतीचे हात पुन्हा पुढे आले. येथे कोणाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. पुरस्कार खरा होता, पैसाही थोडाथोडका नव्हता. नव्हते ते एवढेच, की दर महिन्याला चार गावांनी, चार संस्थांनी त्यांना वाजवायला बोलवावे आणि रीतसर बिदागी द्यावी. पद्मश्री गाजली, चित्रपटगीत गाजले. किन्नेरीची मैफल कोणी भरवली नाही.

महाराष्ट्र शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना फार जुनी आहे. २०२४ मध्ये तिची रक्कम सर्वांसाठी दरमहा पाच हजार रुपये झाली. वृद्ध कलावंताच्या औषधपाण्याला तिचा आधार होतो आणि तो असलाच पाहिजे. तथापि ज्या वयात मानधन मिळते, त्या वयात कलावंताचा शिष्य घडवण्याचा काळ बहुधा उलटून गेलेला असतो. पंचविशीचा तरुण आपल्या बापाकडे पाहतो, त्याच्या हातातल्या वाद्याने घरात काय आणले याचा हिशेब करतो आणि वसईच्या किंवा वापीच्या कारखान्यात कामाला जातो. त्याला परंपराद्रोही म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. आपली मुले अभियंता व्हावीत, परदेशी जावीत आणि त्यांच्या मुलांनी तारपा वाजवीत संस्कृती जपावी, ही अपेक्षा करताना थोडा तरी संकोच वाटायला हवा.

गोव्यातील घुमटाची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. दोन्हीकडे तोंडे असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे, आणि त्यावर तळहात ठेवून घुमारा कमीजास्त करायचा. परंपरेने हे कातडे घोरपडीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आणि वाद्याच्या मुळावरच प्रश्नचिन्ह लागले. कायदा योग्यच होता. पण घुमटही मेले नाही. कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरून पाहिले, वादकांनी हात त्याला जुळवून घेतला. जुना नाद तंतोतंत येत नाही, असे जाणते सांगतात. तरी वाद्य वाजत राहिले, कारण भाद्रपदात गणपती यायचा राहत नाही. घरोघरच्या आरत्यांना घुमट, शामेळ आणि कासाळे लागतेच. ख्रिस्ती घरांतून मांडो गातानाही घुमट असतेच. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला वारसा वाद्य म्हणून घोषित केले. ही घोषणा उशिराची. वारसा तोवर गोमंतकीय घरांनीच सांभाळला होता. ज्या वाद्याला घराच्या आणि गावाच्या जीवनात निश्चित जागा आहे, त्याला कायद्यातील अडचणही संपवू शकली नाही. ज्याची जागा गेली, त्याला मात्र कसलीही घोषणा पुरेशी पडत नाही.

ही जागा देणे सर्वस्वी समाजाच्या हातात आहे. तारपा, पावरी, सुंदरी, संबळ, चौंडके, सनई-चौघडा यांच्यासाठी नवे महोत्सव उभारलेच पाहिजेत, असे नाही. महोत्सवांचा अनुभव तर फारसा उत्साहवर्धक नाही. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येतात, भाषणे लांबतात आणि तीनशे किलोमीटरवरून आलेल्या वादकांना ‘लोककलेची झलक’ म्हणून आठ मिनिटे मिळतात. आयोजकांनी दिलेला एकसारखा रंगीत फेटा बांधून त्यांनी पाहुण्यांच्या स्वागताला वाजवायचे आणि जेवणाच्या रांगेत शेवटी उभे राहायचे. सोलापूरच्या जाधव घराण्याने जपलेली सुंदरी ही सनईहून लहान, पण संपूर्ण राग पेलणारी. ती ऐकायची तर आलापाला वेळ हवा, शांतता हवी. आठ मिनिटांत कळते ते एवढेच, की असे एक वाद्य आहे.

त्यापेक्षा जे आहे त्यातच बदल करणे सोपे आणि अधिक परिणामकारक ठरेल. महाराष्ट्रात गणेशोत्सव आणि नवरात्रोत्सव साजरी करणारी मंडळे असंख्य आहेत. वाद्यवृंद, मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि चित्रवाणीवरील ताऱ्यांची उपस्थिती यांवर त्यांचा खर्च होतो. त्यातील एक संध्याकाळ, दीड-दोन तासांची, आपल्याच जिल्ह्यातील एका गायकाला किंवा वादकाला दिली तर? त्याच्याशी दोन महिने आधी बोलावे. त्याच्या सोयीची वेळ विचारावी, त्याच्या वाद्याला साजेशी बैठक करावी. वाद्य कसे घडते, कोणत्या प्रसंगी वाजते, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. आणि बिदागी ठरवताना ‘कलेची सेवा’ हा शब्द मंडळाच्या तोंडी येऊ नये. ताऱ्याला आगाऊ रक्कम पोहोचवायची आणि गोंधळ्याला नारळ-शाल देऊन वाटेला लावायचे, हा दुजाभाव आपल्या सण-उत्सवांत इतका रुळला आहे की तो खटकेनासा झाला आहे. वादकाबरोबर एखादा शिकाऊ मुलगा येत असेल तर त्यालाही वेगळी बिदागी द्यावी; शिष्य टिकण्याचा यापेक्षा सरळ उपाय दुसरा नाही.

वनवासी क्षेत्रात वसतिगृहे आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांवर तर अधिक जबाबदारी आहे. पाड्यावरचा मुलगा वसतिगृहात आला की इंग्रजी, गणित, संगणक शिकतो. हे आवश्यकच आहे. पण त्याच्या आजोबांना येणारी विद्या त्याच वसतिगृहात आठवड्यातून एकदा, शिक्षकाचा दर्जा आणि मानधन देऊन शिकवता येणार नाही काय? आज अनेक ठिकाणी स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित गाण्यावर ‘आदिवासी नृत्य’ बसवले जाते, आणि प्रत्यक्ष तारपा वाजवू शकणारा माणूस पालक म्हणून मागच्या रांगेत बसलेला असतो.

मध्यमवर्गीय कुटुंबांचाही यात वाटा आहे. दिवाळीच्या सुट्टीत सहलीला जाणारी मराठी कुटुंबे राजस्थानात मांगणियारांचे गाणे हौसेने ऐकतात, त्यांच्यापुढे नोटा ठेवतात, छायाचित्रे काढतात. त्यात गैर काही नाही. पण दिवाळीच्या मागेपुढेच जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर भाताची खळी तयार झालेली असतात आणि नाच रंगलेला असतो. तिथे जाताना पर्यटक म्हणून जाऊ नये. ओळखीच्या शिक्षकाबरोबर, कार्यकर्त्याबरोबर, आमंत्रण घेऊन जावे. मुलांना बरोबर न्यावे. भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा आणि शेवटपर्यंत बसावे. पहिला अर्धा तास तो सूर कानाला एकसुरी वाटेल. नंतर पावलांची आणि सुराची गाठ कुठे पडते ते कळू लागते.

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची आखणी बहुतेक मंडळांत आषाढातच सुरू होते. वर्गणीचा अंदाज घेतला जातो, तारखा वाटल्या जातात, कोणत्या वाद्यवृंदाला सुपारी द्यायची यावर वाद झडतात. त्या बैठकीत जिल्ह्यातल्या एका वादकाचे नाव आणि त्यापुढे बिदागीचा आकडा लिहिलेला कागद घेऊन कोणी तरी गेले पाहिजे. ते नाव शोधायला आषाढापर्यंतचा अवधी पुरेसा आहे.